अवकाशगाडीचा डावा दोर

४ मार्च

मामा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. मतं नंतर.

१. सोमवारी आमचे मुख्य निरीक्षक आणि मी एका नऊ मजली इमारतीची लिफ्ट तपासायला गेलो. इमारतीत सगळे निवृत्त लोक राहतात.

२. लिफ्टची केबिन सहा पोलादी दोरांवर लटकते. सहाही दोरांचा ताण मी यंत्राने मोजला. तो नियमात बसत होता.

३. निरीक्षक केबिनमध्ये माझ्याशेजारी उभे राहून एकदा वर गेले, एकदा खाली आले आणि हसले.

४. त्यांनी लिफ्ट बंद करून दाराला सील लावलं.

५. अहवालात 'बंद करण्याचं कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: "सिनेमात अवकाशातली आगगाडी हाताने थांबवताना हिरो जसा हलतो, तशीच ही केबिन सुटताना हलते. म्हणजे एक दोर ढिला आहे."

६. अहवालाची स्वच्छ प्रत मी टाइप केली. निरीक्षकांचं निरीक्षण बदलायचं नाही असा नियम आहे, म्हणून ते वाक्य तसंच ठेवलं.

७. इमारतीच्या व्यवस्थापकाने तक्रार केली. चौकशी समिती बसली आहे.

८. तो सिनेमा तुझा आहे.

समितीचं म्हणणं सरळ आहे. सिनेमात दोर दिसत नाही. न दिसणारा दोर ढिला होता हे निरीक्षकांना कसं कळलं, आणि तो मुळात होता का?

माझ्या आईचा भाऊ बॉलिवूडच्या महागड्या विज्ञानपटांत माणसांना हवेत टांगतो, हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत मी तुझे सिनेमे लावते, पण फक्त शेवटची नामावली बघते. तुझं नाव येऊन गेलं की डबा बंद करते. एकदा निरीक्षक शेजारी येऊन बसले. ओळीने दोन दिवस त्यांनी माझ्याबरोबर नामावली पाहिली. मग विचारलं, "याच्या आधी काही असतं का?"

"असतं," मी म्हटलं. "तीन तास असतं."

तेव्हापासून ते बघतात. त्यांना हिंदी येत नाही, मराठी तर नाहीच; इथली भाषाच वेगळी. पडद्यावरच्या खालच्या भाषांतराच्या ओळी ते पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकतात, कारण त्या ओळींमागे पाय लपतात, आणि वजन कुठे आहे ते पायांवरून कळतं. गोष्ट त्यांना माहीत नाही. हिरोच्या घड्याळात जी बाई बोलते ती त्याची मेलेली आई आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "असेल." पण हिरो जमिनीवरून उचलला गेला की ते खुर्चीत पुढे सरकतात. चंद्र पळवणाऱ्या खलनायकाला हिरो लाथ मारतो तिथे टाळ्या वाजवतात. लाथेला नाही. लाथ मारून तो खाली येतो, त्याला. "कुणीतरी फार छान उतरवलं त्याला," म्हणतात.

आता प्रश्न. अवकाशगाडीच्या प्रसंगात दोर होता का? होता तर किती? त्यांतला एखादा ढिला होता का? असल्यास कोणता, आणि किती? निरीक्षकांनी आपलं उत्तर लिहून पाकिटात बंद केलं आहे. लिहिताना मी समोर होते, त्यामुळे मला ते माहीत आहे. तुला सांगणार नाही, नाहीतर तू त्याबरहुकूम लिहिशील.

फोन लावला होता. सेटवर फोन जमा करून घेतात असं मामी म्हणाली, म्हणून कागदावर.

तुझी भाची


९ मार्च

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा वाटलं, घरात कुणाचं तरी काहीतरी झालं. सहा महिने ओळ नाही, आणि आता एकदम आकडे घातलेली आठ कलमं! अगं, मामाला लिहिते आहेस की सरकारला?

उत्तर घे. दोर नव्हता. हिरोने सगळं स्वतः केलं. पहाटे उठतो, कच्च्या भाज्या खातो, श्वासावर ताबा आहे. सगळ्या मुलाखतींत आलंय. पोस्टरवर त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे, की एकही दोर वापरलेला नाही. छापलेलं खोटं कसं असेल?

तू म्हणशील, मग मामा तिथे काय करत होता? मामा खाली उभा राहून वर बघत होता. तेही कुणीतरी करावं लागतं.

आता मुद्द्याचं. हा निरीक्षक कोण? तू जन्मात एका माणसाबद्दल दोन ओळींच्या वर लिहिलेलं मला आठवत नाही. तुझ्या बापाबद्दल शाळेत निबंध होता, त्यातही उंची आणि रक्तगट लिहून मोकळी झाली होतीस. आणि इथे पुठ्ठ्याची पट्टी काय, खुर्चीत पुढे सरकणं काय, टाळ्या काय! मामी रविवारी धुतलेले कपडे घेऊन सेटवर येते, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गडी गोड दिसतोय." माझंही तेच मत. जो माणूस शेजारी बसून नुसती नावं बघतो, तो संसारात टिकतो. शिक्षण काय? घरी कोण कोण? तुझ्या आईला कसं सांगायचं ते माझ्यावर सोड, तिला मी लहानपणापासून गुंडाळत आलोय.

इकडे पाऱ्याचा समुद्र चालू आहे. हिरोच्या अकरा प्रतिकृती एकाच वेळी समुद्रातून उसळून वर येतात आणि मूळ हिरोला ओळखू येत नाही की आपण कोणते. अकरांतले दहा डुप्लिकेट आहेत आणि हिरोपेक्षा बरे उसळतात. त्यांना सांगितलंय, जरा वाईट उसळा.

तुझा,
मामा


१५ मार्च

मामा,

निरीक्षक एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यांना बायको आहे, नातवंडं आहेत आणि उजवा गुडघा दुखतो. आईला काही सांगितलं असशील तर जाऊन परत घे.

आता दोराबद्दल. जमिनीपासून दहा मीटर वर एक माणूस कशालाही न धरता थांबतो, आणि हे श्वासावरच्या ताब्यामुळे होतं असं तू लिहितोस. तसं असेल तर आमचं खातं बंद करून सगळ्या इमारतींना कच्च्या भाज्या पुरवाव्या लागतील.

पण तुझं उत्तर मला निरीक्षकांना वाचून दाखवावं लागलं. लग्नाचा भाग वगळला. "दोर नव्हता" हे वाक्य त्यांनी दोनदा भाषांतर करायला लावलं.

"असं त्यांनी स्वतः लिहिलंय?"

"हो. पण मामा खोटं बोलत असेल," मी म्हटलं.

"दोर धरणारा माणूस दोराबद्दल खोटं का बोलेल?" ते म्हणाले. मी पत्राची घडी घातली. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मला नसलेला दोर दिसला. मग आजवर मी जे जे बघून सह्या केल्या, त्यातलं काय काय होतं?"

आणि त्यांनी खिशातून आपला शिक्का काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. तेव्हापासून ते एकही लिफ्ट पास करत नाहीत आणि नापासही करत नाहीत. आमच्या कार्यालयात ते जिन्याने येतात. गुडघ्याचं वर लिहिलंच आहे. समितीने निकाल काही दिला तरी ते त्यांना आता महत्त्वाचं वाटत नाही. डोळा गेला असेल तर आपण होऊन काम सोडायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.

समितीबद्दल. तीन जण आहेत. अध्यक्ष पूर्वी पूल बांधायचे. दुसरे वकील. तिसऱ्या त्या इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या बाई, रहिवाशांच्या वतीने. लिफ्ट बंद असल्यामुळे त्या रोज जिना उतरून आमच्याकडे येतात, भांडतात आणि परत जाऊन जिना चढतात. आल्या आल्या म्हणतात, "तुमचा तो सिनेमावाला कुठाय? त्याला माझं दळण सातव्या मजल्यावर न्यायला लावा, म्हणजे कळेल आगगाडी कशी थांबते ती."

पुरावा म्हणून बैठकीच्या खोलीत फक्त अवकाशगाडीचा प्रसंग दाखवायचा होता. अध्यक्ष म्हणाले, आगेमागे काय आहे ते कळल्याशिवाय मत बनवता येणार नाही, सुरुवातीपासून लावा. मध्यंतरापर्यंत कामकाजाची वेळ संपली. अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं. दुसऱ्या दिवशी तिघंही वेळेआधी येऊन बसले होते. वकिलांनी विचारलं की घड्याळातल्या आईला वारसाहक्क लागतो का, आणि हे टिपणात घ्यायला लावलं. शनीच्या कड्यांवरचं गाणं पुन्हा लावायचा ठराव एकमताने पास झाला. आई घड्याळातून बाहेर पडून सूर्यात विलीन होते तिथे सातव्या मजल्यावरच्या बाई इतक्या रडल्या की कामकाज पुन्हा तहकूब करावं लागलं.

दोराबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

माझे प्रश्न तेच आहेत. तू पोस्टरवरून नाही, आठवून लिही.

तुझी भाची


२० मार्च

मोजपट्टे,

वकील व्हायचं सोडून तू लिफ्टमध्ये कुठे शिरलीस?

हे बघ, आता खरं तेवढंच लिहितो. आम्ही सगळ्यांनी कागदावर सही केली आहे. या सिनेमात दोर नाही. दोर नावाची वस्तू आम्ही ऐकलेली नाही. आमच्यात तिला केबल म्हणतात, तीही ऐकलेली नाही. (तुझ्या साहेबाच्या मानासाठी दोर म्हणतोय.) तोंड उघडलं की निर्माता दुसऱ्या दिवशी घरी पाठवतो, आणि एकाने पाठवलं की बाकीचे बोलवत नाहीत. माझ्या आधीचा जो होता त्याने एका लग्नात, जेवताना, नुसतं म्हटलं, "हो, मीच धरलं होतं त्याला." आता तो दुकानांच्या पाट्या टांगतो.

त्यातून हा प्रसंग साधासुधा नाही. त्या एका प्रसंगासाठी हिरोला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. गाडी हाताला लागते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य येतं, त्यावर पेपरांत लेख आले. अवघ्या विश्वाचं कोडं त्या डोळ्यांत दिसलं म्हणे. आता मी उठून म्हणू, की भाऊसाहेब, ते कोडं म्हणजे अमुक आहे?

मला कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही, असं बरं चाललंय. मी माणूस टांगतो, मग कॉम्प्युटरवाली एक पोरगी बसून माझा दोर पुसते. भली आहे. परवा म्हणाली, "काका, तुमचे दोर पुसायला फार सोपे जातात, कुठेही कपडा ओढलेला नसतो." मी म्हटलं, बाई गं, माझं काम चांगलं झालं असं एवढ्या वर्षांत तूच म्हणालीस, आणि तेही पुसता पुसता.

तेव्हा मधला मार्ग काढू. मी लिहून देतो: "हिरो खाली पडला नाही." याच्यावर तुझ्या समितीने काय समजायचं ते समजावं. सुज्ञांस सांगणे न लगे.

त्या माणसाला शिक्का परत दे. जिना कशाला चढतो वेडा?

जाता जाता एक. तो कोणती बाजू ढिली म्हणतो? नुसतं विचारतोय.

मामा


२५ मार्च

मामा,

बाजू सांगणार नाही.

"हिरो खाली पडला नाही" हे विधान बरोबर आहे, पण ते जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाबद्दल बरोबर आहे. समितीपुढे ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

शिक्का मी दोनदा परत दिला. त्यांनी दोनदा परत खणात ठेवला.

काल जेवणाच्या सुट्टीत ते येऊन बसले. मी तुझा सिनेमा लावला. ते पुढे सरकले नाहीत. पुठ्ठ्याची पट्टी त्यांनी आणली नव्हती. खालच्या ओळी वाचत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, "ही घड्याळातली बाई याची आई आहे ना? मग तो तिला आधीच का नाही सांगत, की चंद्र चोरीला गेलाय?"

ते आता गोष्ट बघतात.

कळवायचं होतं ते एवढंच.

तुझी भाची


३१ मार्च

मोजपट्टी,

गोष्ट बघतो?

अगं, ती गोष्ट कुणी बघायची नसते! लिहिणाऱ्यानेही बघितलेली नाही. चंद्र चोरीला गेल्याचं आईला का सांगत नाही, कारण सांगितलं तर सिनेमा अर्ध्या तासात संपेल आणि माझं निम्मं काम जाईल. हे काय विचारणं झालं? एक माणूस सापडला जगात, ज्याला हिरो उतरताना दिसतो, आणि त्याला आपण गोष्ट बघायला बसवलं. मी आणि तू मिळून. मी खोटं बोललो आणि तू ते स्वच्छ भाषांतर करून त्याला ऐकवलंस.

दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. अकरांपैकी सातव्या प्रतिकृतीला मी नववीच्या जागी टांगलं. कुणाला कळलं नाही, हिरोलासुद्धा नाही. पण तिथे तुझा तो माणूस असता तर त्याने ओळखलं असतं, असं वाटत राहिलं.

घे, लिही.

होते. दोन दोर होते, डावा आणि उजवा, पाठीच्या पट्ट्याला. त्या दिवशी हिरोला आश्चर्य वाटायला हवं होतं. त्याला वाटेना. त्याला राग येतो, प्रेम येतं, नाच येतो. आश्चर्य येत नाही. दिग्दर्शक घसा फोडून सांगतोय, "समोरून आगगाडी येते आहे! अवकाशात! तुम्हाला काहीतरी वाटलं पाहिजे!" हा म्हणतो, "मला वाटतंय." चेहरा बघितला तर बसची वाट बघतोय. सकाळची दुपार झाली. शेवटी दिग्दर्शक माझ्याकडे बघून नुसता बसला. तेव्हा मी कुणाला न सांगता डावा दोर चार बोटं ढिला सोडला. पडण्याइतका नाही, हे तुला सांगायला नको. नुसता इतका, की उचलताना उजवा आधी धरेल आणि डावा मागून, दचका देऊन. उचललं. तो डावीकडे कलला, डोळे मोठे झाले, तोंड उघडलं. दिग्दर्शक रडला. पारितोषिक मिळालं.

खाली आल्यावर हिरो मला म्हणाला, "मामा, आज मला आतून काहीतरी झालं." मी म्हटलं, "दिसलं."

हे मी मामीलाही सांगितलेलं नाही. चार बोटं. माझी, तुझी नव्हेत.

समितीला द्यायचं तर दे. नाव घालून दे. निर्मात्याला कळलं तर घरी बसेन. पाट्या टांगायला मला येतातच. मामीला विचारलं, मी घरी बसलो तर तुला कसं वाटेल? ती म्हणाली, "आधी येऊन पंखा बघ, महिनाभर खरखरतोय." तेव्हा तीही सोय आहे.

आता सांग. तो काय म्हणाला होता?

मामा


८ एप्रिल

मामा,

तुझं पत्र सुनावणीच्या आदल्या दुपारी आलं. निरीक्षकांचं पाकीट मी त्यांच्यासमोर उघडलं. त्यात लिहिलं होतं: "दोन दोर. डावा सुमारे सात सेंटिमीटर ढिला. चुकून नाही. ज्याने ढिला केला त्याला उजव्यावर पूर्ण भरवसा होता."

तुझी बोटं मी मोजलेली नाहीत, पण माणसाच्या चार बोटांची रुंदी साधारण तेवढीच भरते.

मी तुझा मजकूर भाषांतर करून वाचला. चेहरा बसची वाट बघतोय, इथे ते हसले. पारितोषिकाच्या जागी इतके हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी बघायला आलं. दचक्याचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग माझा खण उघडून शिक्का घेतला आणि खिशात टाकला.

तुझं पत्र मी फाइलला लावायला घेतलं. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. "हे द्यायचं नाही. दुसऱ्याच्या दोराला मी हात लावत नाही." मी म्हटलं, मामाने नाव घालून द्यायला सांगितलंय. "मला हवं होतं ते कळलं," ते म्हणाले. "समितीला काय हवंय ते समिती बघेल."

सुनावणी अशी झाली.

अध्यक्ष म्हणाले, "मी सिनेमा चारदा पाहिला. एकदा घरी, कुटुंबासह. मला दोर दिसला नाही. हिरो ताकदवान आहे, एवढंच सिद्ध होतं." वकिलांनी दुजोरा दिला. आता लिफ्ट उघडायचा आदेश होणार, तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या बाई उठल्या.

"अहो, इथे बसून काय ठरवताय? चला आणि उभे राहा तिच्यात. मी रोज जिना चढते, तुम्ही एकदा लिफ्ट चढा!"

आम्ही सगळे त्या इमारतीत गेलो. केबिन एक मजला वर नेऊन पाहायला हरकत नव्हती. निरीक्षकांनी सील काढलं आणि मोजून तेवढंच वर न्यायची व्यवस्था केली. तिघं आत उभे राहिले. मी ताण मोजायचं यंत्र घेऊन कोपऱ्यात. केबिन सुटली. सुटताना एक बारीकसा दचका बसून ती डावीकडे कलली. मला तो आधीही जाणवला होता. यंत्रावर दिसला नाही म्हणून मी धरला नव्हता.

बाईंनी वकिलांचा दंड धरला. "हाच! हाच तो!"

"आश्चर्य!" अध्यक्ष ओरडले. "अगदी तोच चेहरा! वकीलसाहेब, तुमचा चेहरा बघा!"

"माझा कशाला? तुमचा बघा!"

खात्री करायला हवी म्हणून त्यांनी ते तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी अध्यक्षांनी समोरच्या दाराला तळहात लावून धरला होता. कशासाठी, हे मी विचारलं नाही. मग तिघंही पहिल्या मजल्यावर बाहेर पडून जिन्याने खाली आले आणि येताना वकील सांगत होते की पुढच्या भागात आई परत येणार, कारण सूर्यात विलीन झाली म्हणजे संपली असं कायद्याने म्हणता येत नाही.

निरीक्षकांनी लिफ्टच्या वरची खोली उघडायला लावली. एका दोराच्या वरच्या टोकाची स्प्रिंग अडकून बसली होती. केबिन उभी असताना सहाही दोर सारखे ताणलेले असतात. सुटताना तो एक मागाहून ओढ घेतो. मी उभ्या केबिनचे दोर मोजले होते. यापुढे चालत्या केबिनचेही मोजले जातील अशी दुरुस्ती मी आमच्या कार्यपद्धतीत सुचवली आहे. स्प्रिंग बदलली. लिफ्ट चालू झाली. सातव्या मजल्यावरच्या बाई काल लिफ्टने खाली उतरल्या आणि भांडायला काही कारण नसतानाही आमच्याकडे आल्या. सिनेमा लावायला लावला.

लिफ्ट बंद करणं योग्य होतं, असा निकाल आहे. एक गोष्ट तेवढी उरली.

अध्यक्ष काटेकोर आहेत. अहवालात सिनेमाचा संदर्भ आहे, तेव्हा फाइल बंद करण्याआधी तो रकाना भरायला हवा, असं त्यांचं म्हणणं: 'संदर्भ दिलेल्या प्रसंगात दोर होता का?' उत्तर मी लिहायचं आहे, कारण सिनेमाशी संबंध असलेली मीच. 'होता' लिहिलं तर आधार म्हणून तुझं नाव द्यावं लागेल, आणि ही फाइल कुणीही मागून वाचू शकतं. नाहीतर निरीक्षकांच्या नोंदीत 'संदर्भ सिद्ध झाला नाही' असा शेरा राहील. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतात. तो शेरा घेऊन निवृत्त व्हायला त्यांची हरकत नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना पडद्यावरची नजर काढली नाही, कारण हिरो उतरत होता.

तिसरं उत्तर मी लिहू शकते: 'माहीत नाही.' मला माहीत असताना मी ते आजवर कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. या वेळी लिहीन. त्याचा तू विचार करू नकोस; तुला काय चालेल तेवढाच कर. मामीला विचारून कर.

'होता' लिहू की 'माहीत नाही', ते अठरा एप्रिलच्या आत कळव.

तुझी भाची